किक उलटी का मारते? जुन्या मोटारसायकलचे टायमिंग



शेतकी खात्याचा माणूस लिहायला बसला की बेणे, खत, लागण आणि तोडणी यांवरच लिहिणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. या वेळी मात्र विषय वेगळा घेतला आहे. त्याला कारणे दोन. उसाच्या नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे सभासद अलीकडे हटकून एक गाऱ्हाणे सांगतात : "साहेब, पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं आणि माझी जुनी गाडी बिघडली. ऊस आमचा, इथेनॉल त्याचंच, आणि गाडी पण आमचीच बंद पडायची व्हय?" या प्रश्नाला उत्तर देणे आमचे काम आहे. दुसरे कारण आमच्याच खात्यात घडलेले आहे. ते आधी सांगतो, कारण त्यात चूक आमची होती.

खात्याच्या फेरीसाठी आमच्याकडे एक जुनी ३५० ची बुलेट होती. गाडीला ओढ राहिली नाही म्हणून एके दिवशी आम्ही स्वतःच पॉइंटची डबी उघडली. "टायमिंग जरा पुढं घ्या, गाडी पळतीय का नाही बघा," असे कोणीतरी पूर्वी सांगितलेले डोक्यात बसले होते. माप घेतले नाही, खूण केली नाही. नुसत्या कानाच्या अंदाजाने पाट सरकवला आणि स्क्रू आवळले. गाडी पळालीसुद्धा, त्यामुळे आम्ही मनातल्या मनात खूश झालो. आठ दिवसांनी, ऐन गळीत हंगामात, पहाटेच्या थंडीत आमच्या एका चिटबॉयने किक मारली आणि ती उलटी फिरून त्याच्या पायावर आली. घोट्याचे हाड चिरले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. त्या गटातल्या तोडणीच्या चिठ्ठ्या आणि टोळ्यांची मांडणी दुसऱ्या माणसावर पडली आणि दोन-तीन सभासदांचा ऊस आठ-दहा दिवस मागे गेला. त्यांनी आम्हाला बोल लावला तो योग्यच होता. खरे कारण मात्र त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. ते आज इथे लिहून टाकले.

आता मुद्द्याकडे येऊ. टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ. पिस्टन वर येताना पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबत येतो. ठिणगी पडली की ते मिश्रण एका दमात पेटत नाही. उसाच्या फडाला एका कडेने आग लावली की ती पलीकडच्या बांधापर्यंत जायला जसा वेळ घेते, तसाच वेळ इथेही लागतो. फरक इतकाच की इथे तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा आहे. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडावी लागते. म्हणजे पिस्टन टोक ओलांडून खाली निघताना पूर्ण जोर त्याच्या माथ्यावर बसतो.

किती आधी, हे इंजिनाच्या वेगावर ठरते. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्या फिरत असेल तर सेकंदाच्या एक हजाराव्या भागात क्रँक ६ अंश फिरतो. ४००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात तो २४ अंश फिरून जातो. जळायला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडायला हवी, आणि किक मारताना, जेव्हा इंजिन माणसाच्या पायाच्या जोरावर सावकाश फिरते, तेव्हा ती टोकाच्या जवळच पडायला हवी. किक मारताना ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन टोक ओलांडायच्या आतच जळलेला वायू त्याला मागे ढकलतो, क्रँक उलटा फिरतो आणि त्याच्याबरोबर किकही. आमच्या माणसाच्या घोट्याला जो तडाखा बसला तो हाच.

उलट, ठिणगी उशिरा पडली तर पायाला धोका नाही, पण खिशाला आहे. पिस्टन खाली पळत असताना त्याच्यामागे जाळ लागतो. जोर वाया जातो, उष्णता सायलेन्सरच्या पाइपात जाते, इंजिन तापते, ॲव्हरेज पडतो. चढाला तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावे लागते. दुधाचे कॅन लावून रोज फेरी करणाऱ्या सभासदाला हा तोटा महिन्याकाठी चांगलाच जाणवतो, पण तो हळूहळू वाढत असल्यामुळे लवकर ध्यानात येत नाही.

आमच्या भागात अजून चालू असलेल्या जुन्या गाड्यांत बुलेट ३५०, राजदूत १७५ आणि येझदी याच मुख्य. पैकी बुलेटची रीत सविस्तर देतो, कारण किक उलटी मारण्याची तक्रार तिचीच जास्त. ही गाडी १९५५ साली मद्रासला तयार होऊ लागली आणि तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनाची रचना पुढे कित्येक वर्षे फारशी बदलली नाही. त्यामुळे वडिलांच्या वेळची असो वा नंतर जुन्यात घेतलेली, पॉइंटवर चालणारी असेल तर रीत तीच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांना हे लागू नाही. त्यांच्यात पॉइंटच नसतात.

टायमिंगला हात लावण्यापूर्वी पॉइंट पाहावेत. इथेच बहुतेक जण चुकतात. इंजिनाच्या उजव्या अंगाला गोल डबी आहे. तिचे झाकण काढले की पॉइंट दिसतात. त्यांचे तोंड काळे पडले असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. एका बाजूला खड्डा व दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर पॉइंट बदलावेत. नवे पॉइंटही लवकर जळत असतील तर कंडेन्सर गेला असे समजावे. मग इंजिन फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबावे आणि फीलर गेजने अंतर मोजावे. ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवे. पान सरकताना किंचित अडले पाहिजे, ओढावे लागता कामा नये.

आधी अंतर का, तर अंतर बदलले की टायमिंग आपोआप बदलते. अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. कमी झाले की उशिरा. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, अंतर कमी होत जाते आणि टायमिंग कोणी हात न लावता मागे पडते. आमच्या गाडीची ओढ गेली होती ती याच कारणाने. अंतर नीट केले असते तर टायमिंग आपल्या जागी आले असते. आम्ही पाट सरकवला. पुढे त्या आठ दिवसांत कोणीतरी पॉइंट साफ करून अंतरही वाढवले. दोन्ही फरक एकाच बाजूचे पडले.

आता टायमिंग. बुलेट ३५० साठी माप असे आहे की पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी. हे माप इंजिन बंद असतानाचे आहे. क्रँकच्या हिशेबात ते साधारण नऊ-दहा अंश होते. वेग वाढल्यावर लागणारी पुढची आघाडी पाटाच्या मागे असलेली दोन वजने देतात, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

गाडी मधल्या स्टँडवर लावावी, प्लग काढावा आणि टॉप गिअर टाकावा. म्हणजे मागचे चाक हाताने फिरवून पिस्टन हवा तसा हलवता येतो. किक मारून हे काम होत नाही. बुलेट फोर स्ट्रोक असल्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो, पण ठिणगीचा फेरा एकच. तो ओळखायला प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून चाक पुढे फिरवावे. हवा अंगठा उचलू लागली की दाबाचा फेरा सुरू झाला. खात्री हवी असेल तर टॅपेटचे झाकण उघडून दोन्ही पुशरॉड बोटाने फिरवून पाहावेत. दोन्ही सैल फिरत असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत.

मग सायकलचा एक सरळ स्पोक घ्यावा. त्याचे वरचे टोक वाकवून आकडा करावा, म्हणजे तो आत पडणार नाही. हे विसरू नये. स्पोक आत गेला तर हेड उतरवावे लागते. बुलेटचे प्लगचे भोक तिरपे आहे, म्हणून स्पोक प्रत्येक वेळी भोकाच्या एकाच कडेला टेकवून धरावा. नाही तर माप हलते. चाक हळू पुढे फिरवत नेले की स्पोक वर येतो, थांबतो आणि खाली जाऊ लागतो. थांबतो ते वरचे टोक. पण इथे फसगत होते. टोकाजवळ पिस्टन फारच मंद हलतो. टोकाच्या ५ अंश आधी तो जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली असतो. म्हणून चाक दोन-तीनदा मागे-पुढे करून, स्पोक जिथून जिथपर्यंत हलत नाही त्याच्या बरोबर मध्ये थांबावे.

तिथे भोकाच्या कडेशी स्पोकवर ब्लेडने बारीक ओरखडा काढावा. करवतीच्या पात्याने काढू नये. ती खूणच जवळजवळ मापाएवढी जाड होते. त्या ओरखड्याच्या वर ०.८ मिलिमीटरवर दुसरा ओरखडा काढावा. एवढे बारीक माप पट्टीने घेता येत नाही. फीलर गेजची ०.४० ची दोन पाने मिळाली, किंवा बेरीज ०.८० होईल अशी कोणतीही पाने एकत्र धरली, की माप तयार. पिस्टन तेवढा खाली गेला की ही वरची खूण भोकाच्या कडेशी येते.

पॉइंट नेमके कधी उघडतात हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. जुन्या बुलेटला हेडलाइटच्या टोपावर अँपियरचा काटा असतो, तो इथे फार उपयोगी. आधी काढलेला प्लग वायरला जोडून भोकापासून लांब, सिलिंडरच्या पंख्यांना टेकवून ठेवावा. पॉइंट उघडताच त्यात ठिणगी पडते आणि भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, म्हणून ही काळजी. आता चावी चालू करावी, दिवे बंद ठेवावेत. पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला झुकतो. उघडताच तो झटक्याने मध्यावर येतो. पिस्टन दोन-तीन सेंटिमीटर मागे न्यावा आणि पुढच्या दिशेनेच सावकाश वर आणावा. मागे-पुढे केले तर गिअरच्या दात्यांची ढिलाई मापात येते. वरची खूण कडेशी येताच काटा मध्यावर उडाला, तर टायमिंग बरोबर. आधीच उडाला तर पुढे आहे, नंतर उडाला तर मागे. काम झाले की चावी लगेच बंद करावी. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

काटा बिघडलेला असेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढत राहावे. कागद सुटला की पॉइंट उघडले. ही रीत जुनी आहे आणि नीट केली तर पुरेशी अचूक आहे. नंतर कागदाचा तंतू आत राहिला नाही ना, ते मात्र पाहावे.

फरक आढळला तर पाटाचे दोन स्क्रू ढिले करून पाट थोडा फिरवावा. कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला पाट नेला की ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेला नेला की उशिरा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पाट एक अंश सरकला की क्रँकच्या हिशेबात दोन अंशांचा फरक पडतो. अंगठ्याने दिलेला एक ढोसा किती महाग पडतो हे यावरून कळेल. स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा तपासावे, कारण आवळताना पाट सरकतो.

एवढे करूनही किक उलटी येत असेल तर पाटामागची वजने पाहावीत. इंजिनाचा वेग वाढला की ही वजने बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे वळवतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत आत ओढते. जुन्या गाड्यांत ग्रीस वाळून ती अडकतात किंवा स्प्रिंग सैल पडते. बाहेर अडकली तर किक मारतानाही ठिणगी लवकर पडते, म्हणजे पाट कितीही बरोबर असो, पायाला तडाखा ठरलेला. आत अडकली तर गाडी सुरू छान होते पण पळत नाही. कॅम बोटाने वळवून सोडावा. तो आपल्या आपण टणकन परत आला पाहिजे. आमच्या मते ही तपासणी सर्वांत सोपी असून सर्वांत कमी केली जाते.

मग किक मारतानाची शिस्त. पिस्टन दाबाला आला की किक जड होते. तिथे डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक किंचित पुढे न्यावी, लिव्हर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण दमाने खाली मारावी. अर्ध्या ताकदीची किक हीच उलटी येते. पायात चप्पल नको, बूट हवा. आणि घरातल्या लहान पोराला "जा, गाडी चालू कर" म्हणून पाठवू नये.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. इंजिन चांगले गरम झाल्यावर थोड्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एकदम मूठ उघडावी. हेडमधून डब्यात खडे हलवल्यासारखा टिणटिण आवाज आला तर ठिणगी लवकर पडते आहे. तसेच चालवत राहिले तर पिस्टन खराब होतो. आवाज नाही पण गाडी ओढत नाही आणि पाइप निळा पडत चालला आहे, तर उशिरा पडत असण्याचा संभव जास्त.

राजदूत व येझदी या टू स्ट्रोक गाड्यांना वरचे सगळे लागत नाही. पिस्टन दर वेळी वर आला की ठिणगी पडते, त्यामुळे फेरा शोधायचा नाही. वजनांची भानगड बहुतेकांत नसते. टोकाआधीचे माप प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते. ते त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, बुलेटचे लावू नये. पॉइंट तपासायला कागदाची रीत वापरावी. एक गोष्ट मात्र विशेष : टायमिंग कालपर्यंत ठीक होते आणि आज एकाएकी बिघडले, असे झाले तर क्रँकवर मॅग्नेट धरून ठेवणारी छोटी चावी तुटली असण्याची शक्यता तपासावी. टू स्ट्रोकचे टायमिंग फार पुढे गेले तर इंजिन उलटे फिरूनसुद्धा चालू होते. पहिला गिअर टाकला की गाडी मागे येते, आणि मागे कोण उभे आहे यावर पुढचा प्रसंग विनोदी की गंभीर ते ठरते.

राहिला इथेनॉलचा प्रश्न. तो टाळणार नाही. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडा पडतो. त्यात मुळातच प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ पडते. ते पाणी ओढते आणि जुनी रबरी नळी, वॉशर यांना मानवत नाही. तक्रारीतला एवढा भाग खरा आहे, आणि आपण ऊस उत्पादक आहोत म्हणून तो झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. नळ्या व वॉशर आताच्या पेट्रोलला टिकतील असे बसवावेत. गाडी पावसाळ्यात महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. मिश्रण पातळ वाटले तर कार्बोरेटर जाणत्या मेकॅनिककडून जुळवून घ्यावा.

पण इथेनॉलमुळे किक उलटी मारत नाही. इथेनॉलने पेट्रोलची टिणटिण सहन करण्याची ताकद उलट वाढते. त्यामुळे नव्या पेट्रोलसाठी टायमिंग बदलायचे कारण नाही. ०.८ ते ०.८ च. गेल्या महिन्यात तक्रार घेऊन आलेल्या सहा गाड्या आम्ही गट कार्यालयाच्या आवारात उघडल्या. चार गाड्यांचे पॉइंट जवळजवळ मिटलेले होते, एकीची वजने अडकली होती. सहावीच्या कार्बोरेटरमध्ये पाणी निघाले, तिचा दोष मात्र पेट्रोलच्या खाती लिहिला.

फीलर गेज आणि खूण केलेला स्पोक प्रत्येक गट कार्यालयात ठेवला आहे. वहीत नाव लिहून न्यावा आणि दोन दिवसांत परत आणून द्यावा. मागचा स्पोक गेला तो अजून आलेला नाही.